चौकशीचे दिवस

भाऊबीज झाली की बाकीच्या महाराष्ट्राची दिवाळी संपते, आमच्या भंडारा जिल्ह्यात मात्र खरी धमाल तिथून पुढे असते. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. मंडई म्हणजे जत्राच, पण देवापेक्षा पाहुण्यांची. धान कापून झालेलं असतं, शेताच्या बांध्यांमध्ये पायाला टोचणारी धसकटं उरतात आणि त्यांच्यामधून लाखोळीचं कडधान्य हिरवं होऊन वर आलेलं असतं. हवेत तणसाचा कोरडा वास, त्यात जिलेबीच्या तुपाचा, म्हणजे डालड्याचा, गोड वास. ज्या गावची मंडई त्या गावात त्या दिवशी घर रिकामं सापडणार नाही. मावशा, आत्या, त्यांचे दीर, दिरांचे साळे, सगळे हजर. आणि पाहुणे जमले की सोयरिकी निघतात. कुणाची पोरगी लग्नाची झाली, कुणाचा पोरगा नोकरीवर लागला, हे आमच्याकडे मंडईत उकडलेले शिंगाडे खाता खाता ठरतं.

यंदाही मी मोहाडीच्या मंडईला जाऊन आले. आल्यापासून मन ठिकाणावर नाही. शिंगाड्यांची पिशवी ओट्यावर तशीच पडली आहे. नवरा दोनदा म्हणाला, "अगं, सोल ना, खराब होतील." होऊ देत.

मोहाडीला जायचं तर नागपूरहून भंडारा आणि तिथून तुमसरकडे जाणारी एसटी. स्टँडवर पाय ठेवला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "कोण व तू? बाबूंची लहानी ना?" बाबा तहसील कचेरीत बाबू होते. त्यांना निवृत्त होऊन जमाना झाला, माझे केस पिकले, तरी मी बाबूंची लहानीच. नागपुरात मी कोण आहे हे सांगायला मला आधार कार्ड लागतं. मोहाडीत मी तोंड उघडायच्या आत लोक मला मी कोण ते सांगतात, वर मी मागच्या खेपेपेक्षा जाडी झाले हेही सांगतात. पहिल्या पाच मिनिटांत हे इतकं बरं वाटतं की डोळ्यांत पाणी येतं. सहाव्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, "अन् मोठीचं काही जमलं का नाही?"

मोठी म्हणजे ताई. नंदाताई.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट, ताई दहावीत. जिल्ह्याचे नुकतेच दोन तुकडे झाले होते. बाबांच्या कचेरीत कोण इकडे राहणार आणि कोणाची बदली गोंदियाला होणार, याच्याशिवाय दुसरा विषय नसायचा. त्या श्रावणात ताईला ताप भरला. आईने कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या, बाबांनी गोळ्या आणल्या. ताप डोक्यात चढला. दुपारी ती अंगणातल्या बाजेवर पडली होती आणि एकदम तिचं अंग ताठ झालं, हात-पाय झटके देऊ लागले. आईने जी किंकाळी फोडली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असणार, कारण आई दुसऱ्यांदा ओरडायच्या आत अंगणात माणसं उभी होती.

राईस मिलवाल्यांनी जीप काढली. चौकातल्या पानठेल्याचे गजूकाका, ज्यांनी स्वतःच्या साळ्याच्या लग्नातही ठेला बंद ठेवला नव्हता, ते ठेला उघडा टाकून जीपमध्ये चढले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोक्याचा मलेरिया सांगितला. रक्त लागणार होतं. बाबांना वाटलं, आता कुणाच्या दारात जायचं? कुणाच्याच जावं लागलं नाही. बुद्धविहारातली पोरं आली, देवीच्या भजनी मंडळातली माणसं आली, गल्लीतला शिंपी आला, शाळेचे गुरुजी आले. एरवी जी माणसं एका पंगतीला बसताना चार वेळा विचार करायची, ती त्या दिवशी एका बाकावर दंड उघडे करून बसली होती. गजूकाका रक्त देऊन आले आणि रडणाऱ्या आईला म्हणाले, "आता रडू नोको व वयनी. माह्यं रक्त गेलं तिच्या अंगात. पोरगी उठल्याबरोबर पान मांगन, पाहा." आई रडता रडता हसली. ताई दवाखान्यात होती तोवर आमच्या घरची चूल पेटली नाही. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून डबा. दुधी, वांगी, एकदा तर झिंगे. मला ते दिवस, लाज सोडून सांगते, सणासारखे आठवतात.

ताई घरी आली तेव्हा गल्लीत प्रत्येक दारात माणूस उभा होता. ती पूर्ण बरी झाली. डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं, पुन्हा कधी साधा झटका नाही, चक्कर नाही. दहावी एक वर्ष उशिरा झाली एवढंच. पुढे बी.ए. झाली, घरीच शिकवण्या घेऊ लागली. माझ्यापेक्षा देखणी आणि माझ्यापेक्षा शहाणी. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, आरशात पाहून सांगते.

पहिलं स्थळ लाखांदूरकडून आलं, मंडईतच. मुलगा मास्तर होता. आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. मुलगी पाहायला आलेली माणसं थेट घरी येत नाहीत. आधी चौकात थांबतात, पान खातात, चक्कीवर पाणी मागतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, "ते बाबूंच्या घरची पोरगी कशी आहे जी?" घरची माणसं खोटं बोलतील, चौक कायले बोलन, असा हिशेब. पाचामुखी परमेश्वर. हा परमेश्वर आमच्या चौकात पानठेल्यावर बसायचा.

लाखांदूरचे पाहुणे आले, पोहे खाल्ले, ताईला दोन-चार प्रश्न विचारले, "कळवतो" म्हणाले आणि गेले. कळवलं नाही. पुढच्या मंडईला दुसरे आले. त्यांनीही कळवलं नाही. तिसऱ्या स्थळाची बाई तर ताईच्या हातचं लोणचं बरणीत भरून घेऊन गेली आणि तिनेही कळवलं नाही. आम्ही घरात एकमेकांकडे पाहायचो. हुंड्याची बोलणी नव्हती, पत्रिकेची भानगड आमच्यात नाही. मग काय बिनसतंय?

उलगडा गजूकाकांनीच केला, आणि तोही छाती फुगवून. बाबा सुपारी घ्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बाबू, तुमी फिकरच करू नोका. कोनीबी विचारलं का मी सांगतो ना. म्हनलं, अशी-तशी पोरगी नोहे. मरता मरता वाचली. असे झटके येऊन राहिले होते का दोन मानसाईले धरून नाही होय. आमी साऱ्या गावानं रक्त देलं जी तिले. साऱ्या गावाची लेक आहे."

बाबा सुपारी न घेताच परत आले. ओट्यावर बसले आणि आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मग तुम्ही त्यांना काही बोलले नाही?" बाबा म्हणाले, "काय बोलू? गजू, तू रक्त देलं हे सांगू नोको, असं म्हणू?"

खरंच, काय म्हणणार? चक्कीवाल्या सुमनबाई हेच सांगत होत्या, शिंपी हेच सांगत होता. कुणाच्या मनात तिळाएवढं पाप नव्हतं. निंदा करणारा असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं, आणि भांडायला मी एकटी पुरेशी होते. पण ही माणसं कौतुक करत होती. त्या श्रावणात त्यांच्या हातून एक चांगली गोष्ट झाली होती. लहान गावात माणसाच्या हातून अशी गोष्ट आयुष्यात किती वेळा होते? ती ते सांगणारच. आणि ऐकणारा त्यातून एकच शब्द उचलून घरी नेत होता. झटके.

एकदा हिवाळ्याच्या उन्हात आम्ही दोघी गच्चीवर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसलो होतो. मी तिला चिडवत होते, की तुझं लग्न होत नाही म्हणून माझं अडलं आहे. ती शेंगेतले दाणे बोटाने ढकलत म्हणाली, "मले ना, असं घर पायजे जिथं मी आजारी होती हे कोनालेच ठाऊक नाही. नवरा कसाबी असो. काळा असो, तिरळा असो. फक्त त्यानं मले पाहून वाचली म्हनू नये." मग म्हणाली, "इथं मी रस्त्यानं चालली तरी लोकं खूश होतेत. आता चालाचीबी खुशी झाली का व?" मी हसले. तिला हसू आलं नाही. त्या दिवशी मला कळलं की ताईला लग्नापेक्षाही मोहाडीतून सुटका हवी आहे, आणि आमच्याकडे मुलीला गाव सोडायची लग्नाशिवाय दुसरी वाट कुणी ठेवलेली नाही.

माझं मात्र झालं. माझ्याबद्दल चौकाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून झालं. मोठीच्या आधी लहानी, यावर कुजबुज झाली, तीही प्रेमानेच. मी नागपूरला आले, तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या दारात एक कुटुंब राहायचं. एकदा दोन बायका आणि एक गृहस्थ माझी बेल वाजवून विचारू लागले, की समोरची मुलगी कशी आहे, घरची माणसं कशी आहेत. मी म्हटलं, "माहीत नाही हो. आमचं फारसं बोलणं नाही." त्यांना ते पुरलं असावं. थोड्याच दिवसांत समोर मांडव पडला, मुलगी लग्न होऊन गेली, आम्हाला लाडवांचा डबा आला. मी अर्धा लाडू तसाच डब्यात ठेवला. मोहाडीत एक माणूस, फक्त एक माणूस, "माहीत नाही" म्हणाला असता तर?

पण तोच तिसरा मजला. मला बाळंतपणानंतर ताप आला आणि नवरा गावी गेलेला, तेव्हा दिवसभर बाळाला पोटाशी धरून मी पडून राहिले आणि कुणाला पत्ता लागला नाही. त्या दिवशी मी आईसारखी किंकाळी मारून पाहिली असती तर खालचा वॉचमन तेवढा वर आला असता, तोही टीव्हीचा आवाज कमी करा म्हणायला. समोरच्या घरचं आपल्याला माहीत नसतं म्हणून समोरची मुलगी सुटते, आणि आपलं कुणाला माहीत नसतं म्हणून आपण मरतो. लोक मला विचारतात, गाव बरं की शहर? मी म्हणते, तब्येतीला गाव बरं. तब्येत सुधारल्यावर मात्र लगेच निघून जावं.

मग ते वर्ष आलं, ज्याची आठवण मला दर मंडईत पुन्हा पुन्हा येते. एका नातलगाच्या लग्नात आंबागडकडच्या एका मुलाने ताईला पाहिलं. वनखात्यात गार्ड होता, वय थोडं जास्त, बोलायला शांत. ताईने त्याला जेवताना भात वाढला होता. त्याने निरोप पाठवला, की मंडईला मोठ्यांना घेऊन येतो. ताईने मला फोनवर त्याच्याबद्दल एवढंच सांगितलं, "त्याची बदली होत राहते म्हने. दूर दूर." तिच्या आवाजात मी इतकं सुख आधी कधी ऐकलं नव्हतं.

या वेळी आईने ठरवलं, गावाची तोंडं आपणच बांधायची. दिवाळीचं फराळ ताटात घेऊन ती घरोघर गेली. गजूकाका, सुमनबाई, शिंपी, सगळ्यांपुढे हात जोडले. "पाव्हणे आले तं तो दवाखान्याचा विषय काढू नोका जी. पोरीचं जमू द्या." सगळ्यांना फार वाईट वाटलं. आपल्यामुळे पोरीचं अडलं हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. गजूकाकांनी कानाला हात लावला. सुमनबाई तर रडल्या. सगळ्यांनी शब्द दिला. आणि शब्द पाळला. पाळला तोच घात झाला.

मंडईच्या दिवशी मी बाजारातून जिलेबी घेऊन घराकडे येत होते. माझ्या पुढे थोड्या अंतरावर पाहुणे चालले होते, मुलगा, त्याची आई आणि मामा. त्यांनी मला ओळखायचं कारण नव्हतं. पानठेल्यापाशी मामा थांबले आणि त्यांनी फक्त पत्ता विचारला. "बाबूंचं घर कोनतं जी?"

गजूकाका ताडकन उभे राहिले. "सरळ जा, पिंपळापासून उजवीकडे. पोरगी एकदम तंदुरुस्त आहे जी. तिले कधीच काही झालं नाही."

मामांनी मान डोलावली आणि पुढे निघाले. चक्कीच्या दारात सुमनबाई पिठाने माखलेल्या हातांनी उभ्याच होत्या. कुणी काही विचारलं नाही. त्या आपणहून म्हणाल्या, "बाबूंकडे का? या, या. पोरीले काहीच नाही झालं होतं, बरं का जी." ते पिंपळापाशी वळताच शिंप्याने मशीन थांबवून खिडकीतून डोकं काढलं. "नंदाची तब्येत पयलेपासूनच चांगली आहे." पिंपळाखाली गोट्या खेळणारी पोट्टीसुद्धा ओरडली, "तिले झटके नाही येत!"

मी हातात जिलेबीचा पुडा धरून मागे उभी होते. धावत पुढे जावं, प्रत्येकाच्या तोंडावर हात ठेवावा असं वाटलं, पण किती तोंडांवर ठेवणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मामांची चाल हळू झाली. मुलाच्या आईने त्याच्या बाहीला धरलं. आमच्या दारात पाय ठेवताना त्यांचे चेहरे पाहुण्यांचे राहिले नव्हते.

बसल्या बसल्या मामांनी विचारलं, "पोरीले काय झालं होतं?" बाबांनी सगळं खरं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न लपवता. मामा काही वाईट नव्हते. ते म्हणाले, "मलेरिया कोनाले होत नाही जी? मले दोनदा झाला. पन एवढ्यासाठी सारं गाव खोटं बोलून राहिलं, मंजे गोष्ट येवढीच नसन." त्या मुलाने जाताना दारात थांबून ताईकडे पाहिलं. काहीतरी म्हणेल असं मला वाटलं. त्याच्या आईने हाक मारली आणि तो चपला घालून निघाला.

दिवस कलता कलता गजूकाका आले, नवा शर्ट घालून. "जमलं ना?"

ताईच दारात गेली. "नाही जमलं, काका."

"काहून?" त्यांचा चेहरा पडला. "आमी तं काहीच नाही सांगतलं व बाय!"

ताई हसली. त्यांना आत बोलावलं, जिलेबी दिली, त्यांचं समाधान केलं. म्हणाली, तुमच्यामुळे नाही काका, त्याईलेच दुसरं स्थळ आलं होतं. एवढं सफाईदार खोटं आमच्या अख्ख्या गावाला जमलं नसतं. ते गेल्यावर तिने दार लावलं आणि आईला सांगितलं, आता माझ्यासाठी कुणाला बोलावू नका. रडली नाही, भांडली नाही. मीच रडले, आणि मला त्या गावाचा इतका राग आला की दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघून आले. राग कुणाचा, हे मात्र सांगता आलं नसतं. एकेक माणूस घेतला तर त्यातला प्रत्येक जण ताईसाठी पुन्हा दंड उघडा करून बसला असता.

आता आई नाही. बाबांना नीट दिसत नाही. ताईची शिकवणी जोरात चालते, गावातली निम्मी तरुण पोरं तिच्या हाताखालून गेली आहेत. ती स्टँडवर दिसली तर एसटीचा ड्रायव्हर गाडी थांबवून धरतो. रेशनच्या दुकानात तिला रांग नाही. तिला कणकण आली तर सकाळी तीन घरांतून पेज येते. मी किती वेळा म्हटलं, बाबांना घेऊन नागपूरला ये. ती म्हणते, "तिथं येऊन काय करू? मले कोन ओळखते?" मी चरकते. हेच तर तिला हवं होतं एके काळी, कोणी न ओळखणारं घर. ते हवंसं वाटायचंही संपलं तिचं. मी तिला त्याची आठवण करून देत नाही.

यंदाच्या मंडईला आम्ही दोघी बाजारातून हिंडून चौकात आलो. ऊन छान होतं. गजूकाका आता थकले आहेत, ठेल्यावर त्यांचा मुलगा बसतो. ताई त्याच्याशी काहीतरी बोलत उभी होती, तेवढ्यात नागपूर पासिंगची एक गाडी थांबली. मागे एक बाई बसल्या होत्या, नव्या साडीतल्या, शेजारी त्यांचे यजमान. पुढे बसलेला मुलगा खाली मान घालून मोबाईल पाहत होता. यजमानांनी काच खाली केली. "इथे ते टेलर राहतात ना? त्यांची प्राची... ओळखता का तुम्ही?"

शिंप्याची प्राची ताईची लाडकी विद्यार्थिनी. ताईचा चेहरा फुलला. "ओळखतो म्हणजे काय जी! माह्याच हाताखाली शिकली ते. लय गुणाची पोरगी." मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, बस, एवढंच, आता पत्ता सांग.

ताई गाडीच्या काचेशी वाकली. "बारावीले नापास झाली होती, तं लय घाबरली होती बिचारी. खाये ना, पिये ना, खोलीतून बाहेर ये ना. मीच नेलं तिले नागपूरले डाक्टरकडे, चार मयने गोळ्या देल्या. जवळ बसून जेवू घातलं जी मी तिले. आता पाहा, एकदम चांगली आहे."

मागच्या बाईंनी यजमानांकडे पाहिलं. मी ती नजर ओळखते. ताईला ती दिसली नाही. तिने हात वर केला होता आणि आनंदाने ती त्यांना सांगत होती, की सरळ जा आणि पिंपळापासून उजवीकडे वळा.